क्यू केस: चामडं की विनाइल? झाकणाच्या घडीकडे बघून ठरवा

क्यू म्हणजे पूल-स्नूकर खेळायची काठी. तिच्या केससाठी चामडं की विनाइल हा प्रश्न बहुतेक जण क्यूच्या सुरक्षिततेचा म्हणून विचारतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. धक्क्यापासून क्यूला वाचवतो तो केसचा गाभा, म्हणजे आतल्या नळ्या, फोम आणि तळाची टोपी. वरच्या आवरणाचा त्यात वाटा थोडाच. गाभा सारखाच असेल तर दोन्हींतला शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता तुकडा, सारखाच सुखरूप राहतो. फरक पडतो तो केस किती वर्षं टिकते, पावसाळ्यात तिचं काय होतं आणि बिघडल्यावर ती दुरुस्त होते का, यात. इथे पूलच्या दोन तुकड्यांच्या क्यूची, खांद्याला अडकवायची, वर झाकण असलेली ट्यूब केस धरली आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरू. आपण ज्याला सर्रास रेक्झिन म्हणतो ते आज बहुतेक वेळा विनाइलच असतं, म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. रेक्झिन हे मुळात एका इंग्रजी कंपनीच्या लेप दिलेल्या कापडाचं नाव. आपल्या बाजारात ते कायमचं रुळलं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड, हा प्रकार मात्र वेगळा. हाताला तो विनाइलपेक्षा मऊ आणि चामड्यासारखा लागतो, म्हणून दुकानात आधी तोच आवडतो. पण हवेतल्या ओलाव्याने त्याचा थर आतून विघटित होतो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात. केस कपाटात नुसती पडून असली तरी हे होतं. कोकणपट्टीत पीयूची केस घेऊच नये असं मी म्हणेन. ‘जेन्युइन लेदर’ एवढ्याच शिक्क्यावरही जाऊ नका. चामड्याच्या खालच्या थरावर, म्हणजे स्प्लिटवर, प्लास्टिकचा जाड लेप दिलेला असला तरी तो शिक्का लागतो आणि तो लेपही पुढे सोलतो. न मुडपलेली एखादी कड शोधा, पट्ट्याचं भोक किंवा बकलमागचं टोक चालेल. तंतू गुंतलेले दिसले तर बहुधा चामडं, विणलेलं कापड दिसलं तर विनाइल किंवा पीयू.

आता मुद्द्याची गोष्ट, झाकणाची घडी. अशा केसच्या झाकणाला धातूची बिजागरी क्वचितच असते. मागचं आवरणच बिजागरीचं काम करतं. एका संध्याकाळच्या खेळात झाकण निदान चार वेळा हलतं, क्यू काढताना उघडझाप आणि ठेवताना पुन्हा तेच. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याची केस वर्षाकाठी सहाशेहून जास्त वेळा त्याच एका रेषेवर वाकते.

पीव्हीसी स्वभावाने कडक असतं. त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं म्हणून ते वाकतं. उन्हाने, बंद गाडीतल्या उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडतं आणि थर पुन्हा कडक होत जातो. घडीवर आधी पांढुरकी रेघ दिसते, मग बारीक तडे जातात, मग खालच्या कापडाचे धागे उघडे पडतात. त्यातच बहुतेक केसमध्ये घडीला लागूनच शिवण जाते. सुईच्या भोकांची ती रांग म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कडच. थर कमजोर झाला की नेमका तिथेच फाटतो.

नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मी विनाइलच सुचवलं असतं. पण नळ्यांची तोंडं त्या घडीच्या अगदी खाली असतात. सुटलेले काळे कण नळीत पडतात, अस्तरात अडकतात आणि चॉक व घामाने ओशट झालेल्या शाफ्टला चिकटून बाहेर येतात. ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणाऱ्या हाताच्या, बोटांतून शाफ्ट सरकवताना तो खरखरीतपणा प्रत्येक स्ट्रोकला जाणवतो. फेरुलवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या पांढऱ्या कड्यावर, काळे ठिपके पडतात ते वेगळेच. शाफ्ट कितीही पुसा, नळी साफ होत नाही तोवर पुन्हा तेच. माझ्यापुरता निकाल याच एका त्रासाने लागला. माझ्या वापरात विनाइलची घडी तिसऱ्या पावसाळ्यापलीकडे धड राहिली नाही, चामड्याची राहिली. रोज गाडीने जाणाऱ्याचा किंवा महिन्यातून एकदाच खेळणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

चामड्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे घडीवर वळी पडते, रंग गडद होतो आणि भाग मऊ पडतो, पण कण सुटत नाहीत. अर्थात कोरडं ठेवलं तर चामडंही तडकतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, घडीला लेदर कंडिशनरचा पातळ हात द्यावा लागतो. वाटाण्याएवढं क्रीम पुरतं. खोबरेल लावू नका. ते चामड्यात मुरून खवट होतं, डाग ठेवतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. बुटाचं रंगीत पॉलिशही नको, शर्टाला लागतं.

शिवाय चामड्याची घडी दुरुस्त होते. साधारण २ मिलिमीटर जाडीची, दोन इंच रुंद पट्टी आतून चिकटवायची आणि मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने जुन्याच भोकांतून शिवायची. पिशव्या-बुटांचं काम करणारा कोणताही चांगला मोची हे करून देतो, मुंबईत धारावीला तर अशी कामं करणारे कारागीर पुष्कळ. त्याला नवी भोकं पाडू देऊ नका, एवढंच सांगून ठेवा. विनाइलवर हाच उपाय फसतो, कारण चिकटवायच्या सोल्युशनमधलं द्रावक थराला मऊ करून सुरकुत्या पाडतं आणि टाका ओढला की भोक लांबतं.

विनाइलची खरी जमेची बाजू पावसाळा आहे आणि ती लहान नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हवेतला ओलावा बहुतेक दिवस ८० टक्क्यांवर असतो. अशा हवेत बंद कपाटातल्या चामड्यावर आठ-पंधरा दिवसांतही पांढरी-हिरवट बुरशी धरते. विनाइल पुसलं की झालं. चामड्याच्या केसला मात्र नियम पाळावे लागतात. भिजली तर आधी क्यू बाहेर काढा, झाकण उघडं ठेवा, केस पंख्याखाली सावलीत आडवी वाळवा. हीटर नको, ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. भराभर वाळलेलं चामडं आखडतं आणि कडक होतं. ट्रेकिंगच्या सॅकचं प्लास्टिकचं रेनकव्हर वाटेत जरूर वापरा, पण घरी आल्याबरोबर काढा. कव्हरमध्ये रात्रभर राहिलेली केस हमखास बुरशी धरते.

बुरशी आलीच तर केस गॅलरीत नेऊन मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. घरात झाडली तर तिचे बीजाणू घरभर पसरतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन कापड नुसतं दमट करा आणि पुसा. रंग निघतो का ते आधी तळाशी पाहा. पूर्ण वाळल्यावरच कंडिशनर. केसच्या खिशात सिलिका जेलच्या दोन पुड्या ५०-५० ग्रॅमच्या ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की साधारण ११० अंशांवर ओव्हनमध्ये तास-दोन तास तापवून परत वापरता येतात. त्यांचा फायदा चामड्याहून अधिक क्यूला होतो, कारण शाफ्टचं लाकूडही ओलावा ओढतं.

हे सगळं करायला वेळ नसेल, केस समुद्राजवळच्या घरात किंवा क्लबच्या लॉकरमध्ये पडून राहणार असेल, तर मन मारून विनाइल घ्या. चामड्याची हेळसांड करण्यापेक्षा ते बरं. उलट पुण्या-नाशिककडे, जिथे पावसाळा मुंबईइतका चिकट नाही, तिथे चामड्याची निगा बरीच सोपी आहे. अमेरिका-कॅनडात थंड मुलखात खेळणाऱ्यांनी तर चामडंच पाहावं. कडाक्याच्या थंडीत गाडीत राहिलेलं विनाइल ताठरतं आणि तसंच उघडलं तर घडी तडकते.

वजनात विनाइल हलकं, हे खरं. लोकलला लटकून जाणाऱ्याला ते जाणवेल. किमतीत तर तुलनाच नाही, चामडं कित्येक पट पडतं. बाइकवर दोन्ही घासतात, म्हणून तळाला रबराची किंवा जाड चामड्याची टोपी असलेलीच केस निवडा.

स्नूकरवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही. तीन-चतुर्थांश जॉइंटच्या, म्हणजे मध्यावर नाही तर पाऊण लांबीवर जोड असलेल्या, क्यूचा लांब तुकडा ४० इंचांच्या पुढे जातो, म्हणून त्याची केस लांबट पेटीसारखी असते आणि झाकणाला धातूच्या बिजागऱ्या असतात. आवरण वाकतच नाही, त्यामुळे तिथे विनाइल चांगलं टिकतं. फक्त कोपरे धातूचे आहेत का ते बघा.

अस्तराबद्दल एक सांगायलाच हवं. अस्तर नसलेल्या स्वस्त विनाइलच्या पाकिटात क्यू कधीच ठेवू नका. प्लास्टिसायझर थेट वार्निशला लागतं, बट, म्हणजे क्यूचा मागचा जाड तुकडा, चिकट होतो आणि त्यावर पाकिटाचा ठसा उमटतो. अस्तर नसलेल्या रंगीत चामड्यातही मेपलच्या पांढऱ्या शाफ्टला रंग लागू शकतो. ओल्या पांढऱ्या रुमालाचं टोक आतून फिरवलं की कळतं.

दुकानात केस घेताना झाकण पूर्ण मागे पाडून दहा वेळा उघडझाप करा आणि घडीवर अंगठा फिरवा. पांढुरकी रेघ उमटली तर ती केस नको. शिवण घडीपासून निदान अर्धा इंच दूर हवी. विनाइलच घ्यायचं ठरलं असेल तर घडीला आतून कापडाची किंवा चामड्याची जोडपट्टी दिलेली केस शोधा, कण नळीत पडायचे थांबतात. नसेलच तर घेतल्या घेतल्या, थर कोवळा असतानाच, ती पट्टी शिवून घ्या.