इलेक्टिव्ह वर्गात की एनपीटीईएलवर? दोन्ही केलेल्याचं मत

मावसभाऊ आता थर्ड इयरला गेलाय आणि चार दिवस त्याचं एकच चाललंय, दादा इलेक्टिव्ह (आपल्या आवडीने निवडायचा विषय) कॉलेजचं घेऊ की एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाईन कोर्सचं. फोनवर तीनदा सांगून झालं, आता लिहूनच टाकतो. मी एका सेमला वर्गात बसून इलेक्टिव्ह केलं, पुढच्या सेमला ऑपरेशन्स रिसर्च (गणिताने सर्वात फायद्याचा निर्णय काढायचा विषय) स्वयमवरून, म्हणजे एनपीटीईएलचे कोर्स जिथे चालतात त्या सरकारी पोर्टलवरून केलं, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी चाखलंय. अशा ऑनलाईन कोर्सचे क्रेडिट कॉलेजच्या डिग्रीत धरता येतात (क्रेडिट ट्रान्सफर), यूजीसीने २०२१ ला त्याची मर्यादा वीस टक्क्यांवरून चाळीस केली, त्याच्या तपशिलात शिरत नाही.

आधी वर्गाबद्दल, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. आमचे सर खरंच चांगले होते. तोंड वाकडं केलं तरी त्यांना कळायचं की पोरांच्या डोक्यावरून गेलंय, मग तेच परत वेगळ्या उदाहरणाने. ही सोय व्हिडिओत नाही. कोर्सच्या फोरमवर विचारता येतं, पण सिम्प्लेक्सचं (ऑपरेशन्स रिसर्चमधली गणित सोडवायची पद्धत) आख्खं टेबल टाईप करून शंका मांडेपर्यंत शंका काय होती तेच विसरायला होतं. ज्या विषयाला प्रॅक्टिकल आहे किंवा जो एकट्याने बसून होणारच नाही असं वाटतंय, तो वर्गातच घ्या, त्यात मला वाद घालायचा नाही.

मग माझं मन उडालं कशाने? तर हजेरीने. म्हणजे हजेरीच्या ॲपने. आधी सर रजिस्टर काढून रोल नंबर पुकारायचे, चार मिनिटांत काम खलास, एखाद-दुसरी प्रॉक्सी पडायची, पडू दे. मग कॉलेजने ॲप आणलं. आता सर आधी लॅपटॉप उघडणार, प्रोजेक्टर सुरू होईपर्यंत वाट बघणार, मग पडद्यावर क्यूआर कोड येणार आणि तो कोड दर काही सेकंदांनी बदलणार, का तर कुणी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. आमचा वर्ग वर्कशॉपच्या मागे तळमजल्यावर, तिथे रेंजच नाही. एकाच्या हॉटस्पॉटवर बारा जण, बाकीचे मोबाईल वर धरून खिडकीशी. ज्यांचं लागलं त्यातल्या निम्म्यांचं लोकेशन भलतीकडेच दाखवायचं. घड्याळ लावून मोजलं नाही, पण तासातली बारा-पंधरा मिनिटं सहज जायची आणि तोवर सरांचा शिकवायचा मूडही. इतकं करून सेमअखेरीला कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव! पहिल्या बाकावर बसणारा माणूस मी. अर्ज घेऊन ऑफिसला तीन चकरा मारल्या, तेव्हा कुठे टर्म ग्रँट झाली, म्हणजे परीक्षेला बसू दिलं. बरं, एवढा प्रोजेक्टर लावलाच आहे तर त्यावर काहीतरी शिकवायला दाखवा, तेही नाही, कोड गेला की पडदा बंद आणि परत खडू.

एनपीटीईएलला तुम्ही आहात की नाही हे कुणी विचारत नाही, सबमिशन झालं की नाही एवढंच. माझ्या कोर्सला दर आठवड्याची असाइनमेंट बुधवारी रात्री ११:५९ पर्यंत, आणि बारातल्या सर्वात चांगल्या आठच धरतात. हे मला फार माणुसकीचं वाटलं. जुलै ते ऑक्टोबरचा कोर्स होता, मध्ये गणपतीला गावी गेलो तर ती असाइनमेंट सरळ सोडून दिली, कुणाला अर्ज नाही की विनंती नाही. जोडीला आयआयटी मद्रासच्या श्रीनिवासन सरांची जुनी लेक्चर्स बघायचो, फळ्यावर हाताने टेबल मांडत शांतपणे पुढे जातात, अडलं की मागे जाऊन तेच तीनदा ऐकायचं, कुणी हसत नाही.

आता यातली मेख. असाइनमेंटला २५ आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. सर्टिफिकेटसाठी परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतातच, असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी असले तरी. टेलिग्रामवर दर आठवड्याची उत्तरं फिरतात, माझ्या रूममेटने तीच भरली, जवळजवळ पूर्ण मार्क, आणि परीक्षेत तिशीच्या अलीकडेच अडकला. व्हिडिओ त्याने एकही बघितला नव्हता, हे त्याने नंतर चहा पिताना कबूल केलं. मला दोन्ही मिळून शंभरपैकी ६८ पडले, म्हणजे सर्टिफिकेटवर 'एलिट' शेरा, त्याच्या वरच्या 'सिल्व्हर'ला शंभरपैकी ७५ लागतात. इंटरव्ह्यूत त्याबद्दल कुणी विचारलं नाही म्हणा.

म्हणजे प्रत्येकाने हेच करावं असं नाही. तुमच्या कॉलेजात रेंज येत असेल, सर चांगले असतील, तर वर्ग काही वाईट नाही. पण विषय थिअरीचा किंवा नुसत्या गणितांचा असेल आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी कुणी न सांगता बसायची सवय असेल तर मी तरी परत एनपीटीईएलच घेईन.

घेतलंच तर दोन गोष्टी. कॉलेजच्या एसपीओसीकडून (कॉलेजात एनपीटीईएलचं काम बघणारे सर किंवा मॅडम) आधी लेखी घ्या की हा कोर्स तुमच्या इलेक्टिव्हच्या बदल्यात चालतो, बारा आठवड्यांचाच लागतो का ते पण विचारा, तोंडी 'हो हो चालेल' वर जाऊ नका. आणि कोर्सला एनरोल होणं फुकट असलं तरी परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, त्याची फी वेगळी (माझ्या वेळी हजार रुपये), शेवटची तारीखही वेगळी. आमच्यातल्या एकाने बाराच्या बारा आठवडे इमानेइतबारे केले आणि तो फॉर्म भरायचाच राहिला.