स्टिकर वरच्या मॉडेलचा, सायकल खालची

ठाण्यात हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) सायकल घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. २१,५०० रुपये मोजून मी घरी आणलेली सायकल त्याच कंपनीचं १६ हजारांचं मॉडेल निघाली. तक्रार चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही.

माझी गरज साधी होती. रोज घोडबंदरच्या सर्व्हिस रोडने ऑफिस, सुट्टीला उपवनवरून येऊर आणि वर पाड्यांकडच्या कच्च्या वाटांवर थोडी भटकंती. एवढ्यासाठी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, जड पडते आणि रोड बाइकचे टायर फार बारीक. ७०० सी मापाची मोठी चाकं, ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर, सरळ हँडल असलं की झालं. दुकानदाराने वरचं मॉडेल दाखवलं: हायड्रॉलिक (वायरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारे) डिस्क ब्रेक, मागे आठ गिअरची कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला चकत्यांचा संच), पुढच्या फोर्कचं सस्पेन्शन लॉक करायची सोय. चालवून बघितली, आवडली. "ताई, हा डेमो पीस आहे. तुम्हाला डब्यातला नवा देतो, शनिवारी जोडून तयार ठेवतो."

शनिवारी तोच रंग, फ्रेमवर तेच नाव. ब्रेक मात्र डेमोसारखे लागेनात. "नवीन आहेत, बसायला वेळ लागतो," हे उत्तर. डिस्क ब्रेकचे नवे पॅड बसायला खरंच थोडा वेळ घेतात, त्यामुळे थाप बेमालूम खपली. फोर्कची लॉक करायची कळ कुठेय विचारलं, तर म्हणे ह्या लॉटला कंपनीनेच काढली. डबा? भंगारात गेला. पक्कं बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागेल. हे तर धडधडीत खोटं. सायकलवर आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ आहे, आणि छापील एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. हातात पडली एक चिठ्ठी: 'सायकल १ नग'.

येऊरचा उतार उतरताना ब्रेकचे लिव्हर मुठीत आले तरी सायकल थांबेना. वर्तकनगरच्या मेकॅनिक काकांनी चाक फिरवलं आणि हसले. "ह्यात तेल कुठंय, ताई? ही तर वायर आहे." मागे सातच गिअर, तेही कॅसेट नव्हे, फ्रीव्हील, म्हणजे हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला जुन्या पद्धतीचा संच. त्यात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, म्हणून खड्ड्यांत मागचा अ‍ॅक्सल वाकायची भीती जास्त. फ्रेमवरचा स्टिकर नखाने उचलला, तर खाली दुसरंच नाव. दोन्ही पेडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडतात, त्या नळीखाली कोरलेला फ्रेम नंबर कंपनीला पाठवला, त्यांनीही खालचंच मॉडेल सांगितलं.

तेव्हा डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. मॉडेल, साइज, एमआरपी त्यावर छापलेलं असतं. ब्रेकच्या कॅलिपरपाशी उघडी वायर आणि तिने ओढला जाणारा दांडा दिसला, तर ते पूर्ण हायड्रॉलिक नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. टायरच्या कडेला ३७-६२२ असा आकडा शोधा: ३७ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६२२ म्हणजे ७०० सी चाक. शेवटी ५५९ असेल तर ते २६ इंची एमटीबीचं चाक, वर 'हायब्रिड' लिहिलेलं असलं तरी. बिलावर मॉडेल आणि फ्रेम नंबर येईपर्यंत पैसे देऊ नका. साइज लहान-मोठी असेल तर "सीट खालीवर करून देतो" हेही ऐकू नका, फ्रेमची लांबी सीटने बदलत नाही.

माझ्याकडे सुदैवाने मॉडेलचं नाव आणि भाव लिहिलेला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे, यूपीआयची नोंद आहे. त्यावर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

दुकानदार आता म्हणतो, ब्रेक बदलून देतो, मिटवून टाका. पण कॅसेट बसवायची तर मागच्या चाकाचा हबच बदलावा लागतो, आणि फोर्क वेगळाच. सायकल परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, असं मी त्याला लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात आयोगात अर्ज टाकते आहे.