ट्रिपएलई एक्स्प्रेस: वर्षभर वापरल्यावर

गेल्या मे महिन्यात आमचं ट्रिप्सिन, म्हणजे फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी सोडवायचं एन्झाईम, कोल्हापुरात पोचलं तेव्हा आईस पॅकचं पार पाणी झालं होतं. दोन दिवस कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडून होतं म्हणे. ट्रिप्सिन प्रथिनं कापतं आणि स्वतःही प्रथिनच आहे. ऊब मिळाली की बाटलीतच एकमेकांना कापत सुटतं. त्या आठवड्यात माझ्या एमसीएफ-7 पेशी (स्तनाच्या कर्करोगाच्या) फ्लास्कचा तळ सोडेनात. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणलेल्या, जिवापाड जपलेल्या पेशी. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ट्रिपएलई मागव."

हे एन्झाईमही ट्रिप्सिनसारखंच प्रथिनांना लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी कापतं, पण डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं नाही; बुरशीचं जनुक वापरून बनवलेलं आहे. साध्या तापमानाला टिकतं. उन्हाळ्यात मी ते फ्रीजमध्येच ठेवते, पण दुपारी लाईट गेली तरी आता जीव खालीवर होत नाही. छोट्या छोट्या नळ्यांत भरून उणे वीसला गोठवायची कटकटही गेली.

वापर सोपा. मीडियम (पेशींचं खाद्यद्रव) काढा, पीबीएसने (क्षारांच्या साध्या द्रावणाने) दोनदा धुवा, तळ झाकेल एवढं घाला, 37 अंशांना ठेवा. ट्रिप्सिनपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्या. थांबवायला सीरम लागत नाही, पातळ केलं की पुरे.

खरं सांगायचं आहे ते पुढचं. पेशी सोडवणं म्हणजे डिंक धुऊन काढणं, असं पहिल्या वर्षी मीही समजत होते. पेशीच्या बाहेर इंटिग्रिन नावाची प्रथिनं फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन या बाहेरच्या जाळ्यातल्या प्रथिनांना धरून असतात आणि आत टॅलिन, विन्क्युलिन या जोडणाऱ्या प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या (पेशीचा आकार धरणाऱ्या प्रथिनाच्या) दोरांना बांधलेली असतात. बाहेरची पकड कापली की आतल्या दोरांचा ताण जातो, ते विरघळू लागतात, आणि पसरलेली पेशी मायक्रोस्कोपखाली बघता बघता गोल होते. ॲक्टिनला चिकटणाऱ्या फॅलॉइडिनने ते रंगवून हे पाहिलं त्या दिवशी मी संध्याकाळी सातपर्यंत अंधाऱ्या खोलीतून उठलेच नाही. कापलं बाहेर, बदललं आत!

शिवाय कापणं हा निरोपही असतो. पार-2 नावाच्या रिसेप्टरचं बाहेरचं टोक ट्रिप्सिन कापतं, उरलेलं टोक त्याच रिसेप्टरला जाऊन भिडतं आणि पेशीला संदेश मिळतो. म्हणून ॲक्टिन बघायचं असेल तर पेशी पेरल्यावर मी निदान 24 तास थांबते, मग सोडवायला कुठलंही एन्झाईम वापरलेलं असो.

पेशीकडे स्वतःच्या कात्र्या आहेतच. घरी मटण जून निघालं तर आई कच्च्या पपईचा कीस लावते. त्यातल्या पपेनचा नातलग म्हणजे कॅल्पेन, आपल्या पेशींच्या आत राहणारा आणि कॅल्शियमवर चालणारा. जनावर कापल्यानंतर मांस हळूहळू मऊ पडतं त्यातही त्याचा मोठा हात. जिवंत पेशीत तो टॅलिनचं डोकं धडापासून तोडतो. टॅलिन कापताच येणार नाही असं बदललं, तर पेशीची जुनी पकड सुटायला वेळ लागतो, हे 2004 मध्ये दाखवलं गेलं. सरकणाऱ्या पेशीला पुढे धरावं लागतं तसं मागे सोडावंही लागतं. पेशीबाहेरच्या कोलॅजेनसाठी कात्री वेगळी: 1962 मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना ती बेडकाच्या पिल्लाच्या आक्रसत जाणाऱ्या शेपटीत सापडली. शेपटी जाते त्यात या कापण्याचाही वाटा.

आता कुणी घ्यावं? रोजच्या पॅसेजिंगला (वाढलेल्या पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरायला), सीरमशिवाय काम करणाऱ्यांना आणि आमच्यासारख्या गावांत, जिथे कोल्ड चेनचा भरवसा नाही तिथे, डोळे झाकून घ्या. साध्या ट्रिप्सिनपेक्षा महाग आहे, पण फुकट गेलेले फ्लास्क मोजले तर मला परवडलं.

ई-कॅडहेरिनवर (पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनावर) काम असेल तर मात्र यात ईडीटीए आहे हे लक्षात ठेवा. जपानी शास्त्रज्ञ ताकेइचींनी 1970 च्या दशकात दाखवलं की कॅल्शियम असेपर्यंत पेशी-पेशींची ही पकड ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम काढलं की कापली जाते. ईडीटीए नेमकं कॅल्शियमच पकडून ठेवतं. त्यामुळे ई-कॅडहेरिनच्या ब्लॉटसाठी (प्रथिन ओळखायच्या चाचणीसाठी) मी एन्झाईम लावतच नाही. डिश बर्फावर ठेवते, पेशी फोडणारं लायसिस बफर घालते आणि स्क्रेपरने खरवडून घेते.