रोजची स्ट्रीक की आठवड्याचं टार्गेट? फिटनेस अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी

फिटनेस अ‍ॅपमध्ये खेळ आणायचा ठरला की पॉइंट्स, बॅज आणि लेव्हल्सवर बैठकाच्या बैठका होतात. ते सगळं पुढे बदलता येतं. हिशेब रोजचा ठेवायचा की आठवड्याचा, हे मात्र नंतर बदलणं फार जड जातं. कुणाच्या नावावर २०० दिवसांची स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता चाललेली साखळी, जमली असेल, तर ती काढणं म्हणजे त्याची कमाई काढून घेणं. म्हणून हा निर्णय पहिल्या व्हर्जनच्या आधी घ्या.

स्ट्रीक कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आकडा रोज एकाने वाढतो आणि तो तुटू नये म्हणून माणूस रात्री जेवण झाल्यावर पुन्हा चपला घालतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, सवय लागायच्या आधी, तिच्याइतकं काम दुसरं काही करत नाही असा माझा अनुभव आहे. सूर्यनमस्कार किंवा प्राणायामासारखं दहा मिनिटांत घरीच आटपणारं, स्वतः टिक करायचं काम असेल, तर बिनधास्त स्ट्रीक घ्यावी.

चालणं-धावणं आलं की गणित बदलतं. दहापैकी नऊ दिवस टार्गेट गाठणारा माणूस घ्या. तो शिस्तीचाच म्हणायचा. पण २८ दिवसांत एकही खाडा न होण्याची त्याची शक्यता म्हणजे ०.९ चा २८वा घात, जेमतेम ५ टक्के. त्याच माणसाला ‘सातपैकी पाच दिवस’ असं टार्गेट दिलं, तर चारही आठवडे पार पडण्याची शक्यता सुमारे ९० टक्के होते. पाय तेवढेच चालले, पण पहिल्या पद्धतीत त्याला महिनाभरात एकदा तरी शून्य दिसणार हे जवळपास नक्की.

तरीही आठवड्याच्या हिशेबाला असलेला माझा कौल या गणिताने ठरला नाही. तो ठरला रात्री बाराच्या सिंकने, म्हणजे घड्याळातल्या नोंदी फोनमध्ये आणि अ‍ॅपमध्ये पोचण्याच्या कामाने.

माणूस पावणेबारापर्यंत चालतो, टार्गेट पुरं होतं, घड्याळ चार्जिंगला लावून तो झोपतो. घड्याळातली पावलं फोनमध्ये यायला सकाळ होते. आयफोन लॉक असताना आरोग्याच्या नोंदी अ‍ॅपला वाचता येत नाहीत. खासगीपणासाठी ते योग्यच आहे, पण मध्यरात्रीची तुमची तपासणी त्यामुळे रिकाम्या हाताने परतते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी सेव्हर पार्श्वभूमीतलं काम थांबवतो. सकाळी उठल्यावर स्क्रीनवर शून्य. जो चालला नाही तो हे शून्य मुकाट्याने मान्य करतो, पण जो चालला त्याचा अ‍ॅपवरचा विश्वास उडतो. नंतर आकडा दुरुस्त करून दिला तरी तो विश्वास पूर्ण परत येत नाही. प्रवासाचं वेगळंच: दुबईहून मुंबईला येणाऱ्याचा दिवस दीड तासाने लहान होतो.

स्ट्रीकच ठेवायची असेल, तर नोंद अपलोड झाल्याची वेळ धरू नका. पावलं पडली ती वेळ आणि तिथला टाइमझोन, दोन्ही साठवा. दिवसाचा निकाल ४८ तासांनी बंद करा, तोवर ‘तुटली’ हा शब्द दाखवू नका. शिवाय आजारपण, मासिक पाळी, कोसळणारा पाऊस यांसाठी विरामाची सोय लागतेच. अ‍ॅपलच्या घड्याळात रोजचं टार्गेट किती भरलं हे दाखवणाऱ्या रिंग्ज २०१५ पासून आहेत, त्या थांबवून ठेवायची सोय २०२४ च्या वॉचओएस ११ मध्ये आली.

आठवड्याच्या हिशेबालाही रविवारी रात्री हीच अडचण येते, पण सातऐवजी एकदा. निकाल मंगळवारी सकाळी लावला तरी कुणाची तक्रार नसते.

त्याचे दोष आहेतच. सोमवार-मंगळवार ढिले जातात आणि रविवारी सगळं एकदम उरकलं जातं, मग गुडघे बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम धरलात, तर दिवसाला ४५ मिनिटांपर्यंतच पॉइंट्स द्या, म्हणजे किमान चार दिवस लागतातच. जास्तीची मिनिटं नोंदीत दिसू द्या. शनिवारी १५० गाठणं अशक्य झालं, की लोक उरलेला आठवडा सोडून देतात. त्यासाठी ९० मिनिटांवर खालची रेघ ठेवा: तिथवर पोचलं तर पॉइंट्स कमी, पण आठवडा राखला.

अमेरिकेत ६०२ कर्मचाऱ्यांवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप अप’ चाचणीत दर सोमवारी ७० पॉइंट्स आधीच हातात दिले जात आणि चुकलेल्या दिवसाचे १० कापले जात. हातातलं जाऊ नये ही स्ट्रीकची ओढ यात आहे, आणि सोमवारी पाटी कोरी. २४ आठवड्यांनी खेळ थांबल्यावर पुढचे १२ आठवडे वाढलेली चाल टिकली ती फक्त स्पर्धा असलेल्या गटाची. तिथे स्पर्धा तिघातिघांमध्येच होती, हे विसरू नका. हजार जणांच्या लीडरबोर्डवर ६४०वा नंबर पाहून कुणी उठून चालायला जात नाही.

दोन्हींपैकी काहीही निवडा, सरसकट १०,००० पावलं देऊ नका. तो आकडा १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या नावातून आला. पहिले सात दिवस फक्त मोजा आणि सातही आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. सरासरी नको, कारण एका रविवारी सिंहगड चढला की ती फुगते. मधल्या आकड्यात हजार ते दीड हजार मिळवलं की टार्गेट झालं. हाताने भरलेल्या नोंदी वेगळ्या ओळखता येतात, त्यांना पॉइंट्स नकोत.

तुमचे बहुतेक वापरकर्ते अगदीच नवखे असतील, तर पहिले १४ दिवस स्ट्रीक आणि पंधराव्या दिवसापासून आठवड्यांची साखळी, असं करून बघायला हरकत नाही. फक्त हा बदल पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आणि जमलेले १४ दिवस ‘दोन आठवडे पूर्ण’ म्हणून त्याच्या खात्यात जमा करा.