दहा फुटी फ्रेमवाला स्विमिंग पूल: पूल बरा आहे, आधी जमीन बघा

डिचोलीला आमचं घर उतारावर, मागे दोन माड, एक आंबा आणि मधे थोडी मोकळी जागा. मे महिन्यात नणंदेची मुलं येणार म्हणून ऑनलाइन मागवला, १० फूट रुंद आणि ३० इंच उंच, लोखंडी पायपांचा. बॉक्सवर लिहिलंय अर्ध्या तासात तयार. फ्रेम जोडायला पाऊण तास लागला ते ठीक, पण जमीन करायला तीन दिवस गेले त्याचं काय? माहितीपत्रकात त्यावर एकच ओळ, सपाट जागेवर ठेवा. अहो, आमच्याकडे सपाट म्हणजे एकतर शेत नाहीतर फुटबॉलचं मैदान!

नजरेला जागा सपाटच वाटत होती. पाणी सोडल्यावर कळलं, एका बाजूला घोट्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला बोटंसुद्धा नीट भिजेनात. नवरा म्हणाला भरू दे गं, वर आलं की कोणाला कळणार आहे. अर्धा भरला तर उताराकडची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली, दोन पाय तांबड्या मातीत रुतले आणि एक जोड वाकला. हा पूल नीट भरला की साधारण ४,४०० लिटर पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ साडेचार टन, आणि ते सगळं खालच्या बाजूला रेटतं. मुलं आत नव्हती म्हणून बरं. सगळं पाणी सोडून दिलं.

मग शेजारच्या मेस्तकाकांना बोलावलं. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघितली, दहा फुटांत साडेपाच इंचांचा फरक! आमचा बेत होता खालच्या बाजूला मातीची भर घालायची, तर म्हणाले, "भर घालू नको रे बाबा, वरचं काढ." भुसभुशीत भर वजनाने खाली बसते, कितीही चोपा, आणि एक पाऊस आला की वाहून जाते. मग उंच बाजू खणली, हे खरं कष्टाचं काम कारण वितभर खाली चिऱ्याचा थर लागला, नवऱ्याचे हात फोडांनी भरले. मधे खुंटी ठोकून तिला सरळ फळी लावली, फळीवर बुडबुड्याची लेव्हलपट्टी ठेवून गोल फिरवत जिथे जिथे टेकते तिथे खरवडलं. मुळं, खडे वेचले, चाळलेली रेती घातली, पण इंचभरच, जास्त घातली की पायाखाली खड्डे पडतात. वर ताडपत्री. प्रत्येक पायाखाली चिऱ्याचा तुकडा मातीच्या पातळीला बसवला, वर आलेला नको.

आणि परत भरताना घाई केली नाही, आधी इंचभर पाणी सोडून चारी बाजूंना फूटपट्टीने मोजलं, फरक अर्ध्या इंचाच्या आत आला तेव्हाच पुढे भरला. तुम्हीही हे नक्की करा, इंचभर पाणी काढून टाकायला काही त्रास नाही.

आता पूलबद्दल. कापड जाड आहे, मुलं महिनाभर आत धिंगाणा घालत होती, एक थेंब गळला नाही. सोबतचा फिल्टर पंप मात्र अगदी पोरखेळ, आंब्याची पानं पडली की गुदमरतो. नळाचं पाणी मे महिन्यात पुरेना म्हणून विहिरीचं भरलं, क्लोरीन टाकलं तर सगळं चहासारखं झालं! पाण्यात लोह असलं की असं होतं, दोन दिवसांत गाळ खाली बसला, तो उपसून काढला. विक्रेत्याला वाकलेल्या जोडासाठी फोन केला तर उताराची जमीन वॉरंटीत बसत नाही म्हणाले, तेवढं मान्य आहे, पण नवा जोड विकत द्या म्हटलं तर तोही नाही. शेवटी वेल्डिंगवाल्याने सरळ करून दिला.

पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा कापला तो त्या अर्ध्या तासाच्या थापेसाठी आणि एक पंपासाठी.

पाऊस लागायच्या आधी आठवडाभर क्लोरीन बंद ठेवलं आणि मग पाणी माडांना सोडलं. पूल वाळवून माळ्यावर गेलाय, पण खणलेल्या जागेत आता तळं साचतंय, डास नकोत म्हणून काल एका बाजूने चर काढला.