कोयनेच्या बॅकवॉटरवर एक सीझन : इपॉक्सीने सांधलेला बोटीचा तळ

उन्हाळ्यात शिवसागर जलाशयाचं पाणी उतरलं की बामणोलीच्या काठाला बुडालेले खडक डोकं वर काढतात. आमची फायबरची बोट अशाच एकावर चढली. पुढच्या तळाला हातभर चीर, आणि आधीच्या मालकाने मारलेलं पॉलिएस्टर रेझिनचं (फायबरच्या बोटींना नेहमी वापरतात ते) ठिगळ भिंतीचा पोपडा सुटावा तसं अख्खं हातात आलं. म्हणून या वेळी इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर असे दोन भाग कालवून लावायचा माल. दिवाळीपासून वासोटा किल्ल्याच्या ट्रेकर मंडळींची ने-आण याच बोटीने चालू आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी निकाल : सांधा जागचा हललेला नाही. नाण्याने ठोकून पाहतो, सगळीकडे टणक आवाज येतो. आतले थर सुटले असते तर आवाज बद्द आला असता.

पण याचं सगळं श्रेय मी रेझिनला देणार नाही. खरं काम ग्राइंडरचं. चिरेवर नुसती पट्टी चिकटवून भागत नाही, कडा लांब उतरत्या घासाव्या लागतात. जाडीच्या साधारण 12 पट. म्हणजे 6 मिलिमीटरच्या तळाला दोन्ही बाजूंना सात-सात सेंटिमीटर. चांगला भाग घासताना जीव वरखाली होतो, पण धरतं ते त्या उतारावरच. धूळ भयंकर, चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

दुसरं, ओल. घासलेल्या जागेवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून उन्हात ठेवायचा. आतून थेंब धरले तर अजून थांबायचं. आम्हाला बरंच थांबावं लागलं.

आता मालाबद्दल. वजनकाटा लागतोच. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) 1 ते 2 टक्क्यांत मागेपुढे करून वेळ साधता येते, इपॉक्सीत ती सोय नाही, दोन्ही भाग ठरलेल्या प्रमाणातच घ्यावे लागतात. हार्डनर जास्त पडला तर लवकर सुकणं राहिलं बाजूला, सांधा कच्चाच राहतो. कालवलेला माल लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. उभ्या मगात राहिला तर आपोआप तापून धूर काढतो. दुकानदार नेहमीची चॉप मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) पुढे करेल, ती घेऊ नका. तिचा बाइंडर (धागे एकत्र धरणारा चिकट पदार्थ) पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. विणलेलं काचेचं कापडच मागा.

तक्रारी आहेत. किंमत दुपटीहून जास्त. सुकल्यावर वर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन, स्क्रबरने घासल्याशिवाय पुढचा हात मारता येत नाही. उन्हात पिवळं पडतं, म्हणून वरून रंग द्यावाच लागला, आणि जुन्या जेलकोटशी (बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थराशी) त्याचा मेळ काही बसला नाही. गिऱ्हाईक विचारतं, 'दादा, इथं काय झालं होतं?'

तुमचा नुसता वरवरचा ओरखडा असेल तर या भानगडीत पडू नका, जेलकोटच लावा. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, पुढे तोच ताप होतो.