लेकीच्या शिकाऊ परमिटसाठी ड्रायव्हिंग स्कूल लावली, तिचा रिव्ह्यू (कॅलिफोर्नियावाल्यांसाठी)

आधीच सांगते, 5 पैकी 4 स्टार. जो एक कापलाय तो त्यांच्या ऑफिसच्या कारभारासाठी, शिकवण्यासाठी नाही. स्कूलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण इन्स्ट्रक्टर कोण वाट्याला येतो यावर सगळा खेळ आहे, आणि मला जे आवडलं ते तुम्ही कुठल्याही स्कूलला फोन करून मागू शकता.

पहिल्यांदा नियम, कारण आपल्याकडे बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. साडेपंधराला परमिट मिळतं पण त्याआधी 30 तासांचं ड्रायव्हर एज्युकेशन लागतं, ते ऑनलाइन चालतं. मग डीएमव्हीची (म्हणजे इथलं आरटीओ) लेखी परीक्षा, 18 च्या खालच्यांना 46 प्रश्न, 38 बरोबर यायला हवेत, नापास झालं तर पुढचे 7 दिवस परत देता येत नाही. पास झाली की पोरगी उड्या मारत येते, आई किल्ली दे! तर नाही, द्यायची नाही. स्कूलच्या इन्स्ट्रक्टरबरोबर पहिला लेसन होऊन त्याची सही पडल्याशिवाय ते परमिट चालूच होत नाही, हे आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्यानंतर किमान 6 महिने परमिट हातात हवं, इन्स्ट्रक्टरबरोबर 6 तास, आणि 25 किंवा त्याच्या वरच्या लायसन्सवाल्या माणसाला शेजारी बसवून 50 तास, त्यातले 10 रात्रीचे. एवढं झालं आणि 16 पूर्ण असतील तर ड्राइव्ह टेस्ट. आता ते 50 तास डीएमव्ही काही मोजत बसत नाही, आईबापाची सही बघते, म्हणजे थापा मारायला रान मोकळं आहे आणि लोक मारतात.

ऑनलाइन कोर्स आम्ही ह्यांच्याचकडून घेतला, ठीकठाक आहे. पानं उलटायची, टायमर संपायची वाट बघायची, मधेमधे क्विझ. डीएमव्हीची मान्यता असलेला कुठलाही स्वस्तातला घेतलात तरी चालेल, त्यात फार डोकं लावू नका.

खरी किंमत त्या 6 तासांची. म्हणजे 6 तासांत कुणी गाडी शिकत नाही हे उघड आहे, पण ते 6 तास नीट झाले तर पुढचे 50 तास घरी काय करायचं ते कळतं. मला वाटतं पैसे त्याचेच द्यायचे असतात.

आम्हाला पहिले इन्स्ट्रक्टर मिळाले ते साठीच्या पुढचे गृहस्थ, अत्यंत शांत. करोला, त्यांच्या बाजूला दुसरा ब्रेक, वर स्टुडंट ड्रायव्हरची पाटी. सुरुवातीला बराच वेळ गाडी हललीच नाही, सीट किती पुढे, आरसे कसे लावायचे, स्टीअरिंगवर हात घड्याळाच्या 9 आणि 3 वर, हेच चाललेलं. (आमच्या घरी नवरा 10 आणि 2 वर शिकलेला, तो लगेच वाद घालायला तयार, पण डीएमव्हीच्या हँडबुकातच 9 आणि 3 किंवा 8 आणि 4 लिहिलंय, हात वर असले आणि एअरबॅग उघडली की इजा होते म्हणून.) मग गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या. दुसऱ्या लेसनला त्यांनी मलाच विचारलं, मागे बसणार का, फक्त तोंड उघडायचं नाही. बसले.

आणि तिथे मला कळलं की हा माणूस काय करतोय. तो तिला दिसेल ते मोठ्याने बोलायला लावत होता. "उजवीकडच्या गाडीचे ब्रेक लाइट लागले, ती निघेल बहुतेक." "डावीकडे बॉल, मागून मुलगा येऊ शकतो." "पुढे बाइक लेनची (सायकलवाल्यांची) रेघ तुटक झालीय, मला उजवीकडे वळायचंय." तर त्या वळणाच्या आधी 200 फुटांच्या आत आरसा बघून, मान वळवून खांद्यावरून बघून बाइक लेनमध्ये शिरायचं आणि मगच वळायचं, हे मी इतकी वर्षं गाडी चालवून इतकं पद्धतशीर कधी केलेलं नाही. लाल सिग्नलला उजवीकडे जाताना लिमिट लाइनच्या (थांबायच्या पांढऱ्या रेघेच्या) मागे गाडी पूर्ण थांबली पाहिजे, चाक फिरत असेल तर ते थांबणं नाहीच. पोरगी चुकली तरी ते 'ब्रेक!' असं ओरडत नव्हते, चौक यायच्या बराच आधी विचारायचे, इथे स्पीड किती हवा? आणि मी घरी काय करते, तर पाय जमिनीत रोवून अगं अगं अगं.

लेसन संपला की ते आमच्या दारात थांबून अर्ध्या कागदावर होमवर्क लिहून द्यायचे, पण पोरीला नाही, मला. आठवडाभर फक्त शांत रस्ते, डावीकडची अनप्रोटेक्टेड वळणं (हिरवा बाण नसतो ती) मोठ्या रस्त्यावर इतक्यात नको, पुढच्या गाडीपासून 3 सेकंदांचं अंतर मोठ्याने मोजायला लावा, पाऊस पडला तर मुद्दाम बाहेर काढा, फ्रीवे मी सांगेपर्यंत अजिबात नाही. त्या कागदांमुळे आमचे 50 तास कॉस्टको आणि पियानो क्लासच्या त्याच त्या रस्त्यावर वाया गेले नाहीत.

याला आधारही आहे. नेब्रास्कात दीड लाखाहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, 2015 मध्ये आला, तिथे ड्रायव्हर एज्युकेशन घेतलेल्यांचे अपघातही कमी आणि दंडाची तिकिटंही कमी निघाली. आणि 16 ते 19 वाल्यांचं जीवघेण्या अपघातांचं प्रमाण मैलामागे 20 च्या वरच्यांच्या जवळपास तिप्पट आहे, त्यामुळे कुणी म्हणालं की आम्ही तर असेच शिकलो, तर त्यांना म्हणावं बरं.

काही पालक 18 पर्यंत थांबतात, कारण 18 झाले की ना कोर्स लागतो, ना इन्स्ट्रक्टर, ना ते 6 महिने. सोयीचं वाटतं खरं, पण मग तेच पोर न शिकता कॉलेजला जातं आणि तिथे मित्राच्या गाडीवर हात साफ करतं. मला हे पटत नाही.

आता तक्रार. ऑफिस फोन उचलत नाही, टेक्स्टला उत्तर संध्याकाळी, आणि तिसऱ्या लेसनला न सांगता दुसराच इन्स्ट्रक्टर पाठवला. त्याने तिला सगळा वेळ टेस्टच्या रूटवर गोल गोल फिरवलं, इथे एक्झामिनर असं बघतो, तिथे तसं बघतो. अरे टेस्ट पास करायला नाही पाठवलंय रे बाबा. लेसन संपल्यावर मी भांडले, मग पहिलेच गृहस्थ एका जादा लेसनला परत दिले, पण त्याचे पैसे घेतलेच. त्यासाठीच एक स्टार गेला.

टेस्टबद्दल एक, सगळे काका लोक पॅरलल पार्किंग पॅरलल पार्किंग करून घाबरवतात, ते कॅलिफोर्नियाच्या टेस्टमध्ये नाहीच. कर्बला (फुटपाथच्या कडेला) लागून तीन गाड्यांच्या लांबीइतकं सरळ रिव्हर्स जायचं असतं. नापास झालं तर 14 दिवस थांबायचं.

आणि लायसन्स मिळालं म्हणजे सुटलो असं नाही. पहिले 12 महिने रात्री 11 ते पहाटे 5 चालवायची नाही आणि शेजारी 25 किंवा त्याच्या वरचं कुणी लायसन्सवालं नसेल तर 20 च्या खालचं कुणी गाडीत घ्यायचं नाही. म्हणजे रविवारच्या मराठी शाळेचं कारपूल बाद, गणपतीच्या कार्यक्रमानंतर मैत्रिणींना सोडणं बाद. धाकट्या भावाला न्यायचं आणि दुसरी सोयच नसेल तर कारण लिहून पालकांच्या सहीची चिठ्ठी गाडीत ठेवावी लागते. फोन तर 18 पर्यंत हँड्सफ्रीसुद्धा नाही, मॅप लावायचा तो निघायच्या आधी.

स्कूल निवडताना फोनवर तीनच गोष्टी विचारा, तिन्ही लेसनला एकच इन्स्ट्रक्टर देणार का, पालकाला एकदा मागे बसू देणार का, आणि घरी काय प्रॅक्टिस करायची ते लिहून देणार का. उन्हाळ्याच्या सुट्टीतले स्लॉट पटापट जातात, मार्च-एप्रिलमध्येच बुक करा. टेस्टला त्यांची गाडी हवी असेल तर वेगळे पैसे पडतात, आम्ही आमचीच नेली. तिचाच सराव होता, फक्त इन्शुरन्सचा आणि रजिस्ट्रेशनचा कागद ग्लव्ह बॉक्समध्ये आहे का आणि मागचे ब्रेक लाइट लागतात का ते आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर टेस्ट न घेताच परत पाठवतात.